शाहीर साबळे आणि अमळनेरची शिदोरी

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात पसरणी या गावी झाला. वाईहून पाचगणीला चढणारा घाट ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, तीच ही पसरणी. लहानपणी ते बासरी शिकले. गावात चार बुके झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी त्यांना आजोळी, थेट खानदेशात अमळनेरला धाडण्यात आले. तिथे सातवीपर्यंत शाळा झाली आणि सुटली. शाळा सुटली तरी अमळनेर फुकट गेले नाही. पुढे साठ-सत्तर वर्षे जे काम त्यांनी केले, त्याची उमेदवारी याच गावात झाली. सातारकर त्यांना आपले म्हणतात, मुंबईकर आपले म्हणतात. जळगाव-धुळ्याकडे मात्र ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

१९३० च्या दशकातले अमळनेर हे साधे तालुक्याचे गाव नव्हते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. अमळनेर पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले. बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांचे संस्थान, वैशाखातली त्यांची रथयात्रा आणि वाळवंटात भरणारी जत्रा हे जुने अमळनेर. मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांची कापडगिरणी, तिचा भोंगा, पाळीवरून सुटणारे कामगार हे नवे अमळनेर. प्रतापशेठांच्याच आश्रयाने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर निघाले होते आणि तिथे शिकायला म्हणून पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक तरुण आला तो खानदेशाचाच झाला. एका बाजूला भजन-कीर्तन, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या सभा आणि दोन्हींच्या मध्ये काँग्रेसची चळवळ अशा गावात हे पोर वाढत होते.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत साबळ्यांचे शिक्षक होते, असे अनेकदा लिहिले जाते. वर्षांचा हिशेब तसा लागत नाही. गुरुजींनी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे तिथल्या शाळेत शिकवले आणि सविनय कायदेभंगात उडी घेण्यासाठी नोकरी सोडली. त्या वेळी साबळे जेमतेम सहा-सात वर्षांचे होते आणि पसरणीत होते. त्यांना भेटले ते वर्गातले गुरुजी नव्हेत, तर सभांमधले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेतलेले, १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी वणवण केलेले, १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक चालवणारे आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांना उभे करणारे हे गुरुजी. हा फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. शिक्षकाकडून मुलाने कविता शिकली असती. चळवळ्या माणसाकडून त्याने गर्दी शिकली.

खेड्यातल्या त्या काळच्या सभेत ध्वनिक्षेपक असला तर असला. दिवस मावळल्यावर, गुरेढोरे बांधून झाल्यावर माणसे पारावर यायची, पुढारी उशिरा पोचायचा आणि तोवर जमलेल्यांना बसवून ठेवायचे ते गाण्याने. पुढच्या रांगेत पोरे गोंधळ घालत असतात, मागे बिड्या पेटतात, बायका भिंतीच्या आडोशाने उभ्या असतात. मागच्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, आणि पोचलेला शब्द त्याला कळलाही पाहिजे. गुरुजींच्या सभांत साबळे गाऊ लागले ते अशा वातावरणात. खुल्या मैदानावरचा त्यांचा टिपेचा आवाज आणि शब्दांची ठणठणीत फेक पुढे साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. संगीतशाळेत या गोष्टी शिकवत नाहीत.

घरी मात्र आजीला गाणेबजावणे पसंत नव्हते. तिच्यापुरते ते चुकीचेही नव्हते. त्या काळी शाहिराला मान होता, पण पोटापाण्याचा धंदा म्हणून शाहिरी आणि तमाशा एकाच तागडीत तोलले जात. कुणबी-मराठा घरातल्या शिकत्या पोराने डफ हाती घ्यावा, हे कोणालाच रुचण्यासारखे नव्हते.

आणि गाणे तर गावात चहूकडे होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून अहिराणीत गौराईची गाणी म्हणत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसे, घरोघर रोट होत आणि दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर नेत. डफाच्या तालावर देवदेवतांची आख्याने गाणारी वहीची मंडळे गावोगाव होती. खानदेशी तमाशाची तर वेगळीच शान. धोंडू-कोंडू सिंधीकर, भिका-भीमा सांगवीकर ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी येतात.

साबळे मात्र ज्या शाहिरी परंपरेत शिरले ती तीनशे वर्षांची होती. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा शिवकाळातला. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ यांनी पोवाडा आणि लावणी दोन्ही गाजवले. एका हातात डफ, बाजूला तुणतुणे आणि झांज, मागे ‘जी जी रं’ म्हणत सूर धरणारे झीलकरी, एवढाच सरंजाम. शाहीर चार ओळी गाणार, मग गद्यात प्रसंग सांगणार, पुन्हा गाण्यावर येणार. पोवाडा तास-दीड तास सहज चाले. इंग्रजी अमलात या डफाने विषय बदलले. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी कार्यकर्त्यांनी त्याचा जलसा केला, कम्युनिस्टांनी त्याला लाल बावटा दिला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. समाजवाद्यांकडे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. शाहीर म्हणजे कोणत्या तरी पक्षाचा किंवा चळवळीचा आवाज, अशीच त्या वेळची समजूत होती.

साबळेही चळवळीतूनच आले. १९४२ चे आंदोलन, हैदराबाद आणि गोवा मुक्तीचे लढे, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ या सगळ्यांत त्यांचा डफ वाजला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्याच वर्षी पसरणीचे भैरवनाथ मंदिर दलितांना खुले झाले, त्यात साबळे पुढे होते आणि गुरुजी तिथे आले होते. अमळनेरच्या सभांत जुळलेले नाते असे पसरणीच्या देवळापर्यंत पोचले. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले.

मात्र साबळे कोणत्याही एका पक्षाचे शाहीर होऊन राहिले नाहीत. त्यांची वाट वेगळी झाली ती तबकडीमुळे.

मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइस या कंपनीने त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे गाणे बसते. ज्या कलेचा जीवच लांबणीत, ती कला सव्वातीन मिनिटांत बसवायची कशी? खंडोबाचे जागरण घ्या. पाच उसांची खोपी उभारून घट मांडतात, वाघ्या दिमडीवर थाप देतो, तुणतुणे सुरू होते, मुरळी हातातली घाटी वाजवत फेर धरते. गण, देवांना आवतण, मग आख्यान असे करत रात्र सरते आणि पहाटे लंगर तोडला की जागरण पुरे होते. साबळ्यांनी यातले आवतण तेवढे उचलले. ‘जेजुरीच्या खंडेराया’ला जागराला बोलावणारे त्यांचे गाणे सुरू होताच दिमडीचा ठेका कानावर पडतो आणि ऐकणारा एकदम भंडाऱ्यात उभा राहतो. तोवर गाणे संपलेलेही असते. एकनाथांचे विंचवाचे भारूड त्यांनी असेच घेतले. कीर्तनात किंवा भजनात त्याचा अर्थ उलगडून सांगायला बुवा लागतो. तबकडीवर बुवा नाही, म्हणून वेदनेचा सगळा अभिनय आवाजातच आणावा लागला. ऐकणारा आधी हसतो, अर्थ त्याला नंतर टोचतो. कोळ्यांच्या दांड्यावरचे गाणे, मल्हारीची गाणी, ‘आधुनिक मानवाची कहाणी’ यांसारखी चिमटे काढणारी नवी गाणी अशी ही यादी लांबत गेली.

जाणकारांपैकी काहींना हे रुचले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जागरण हा कुळाचार आहे. तो नवसाला, लग्नानंतर, ठरल्या दिवशी घालायचा असतो. तबकडीने त्याला वेळकाळ ठेवला नाही. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. लग्नाच्या मांडवात बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून, बसस्थानकाजवळच्या चहाच्या हॉटेलातून, घराघरांतल्या रेडिओवरून ही गाणी जेव्हा खानदेश, वऱ्हाड, मराठवाड्यात ऐकू येऊ लागली, तेव्हा एका भागाचे दैवत दुसऱ्या भागाच्या ओळखीचे झाले. ज्या माणसाने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, तो चोपड्यात बसून कोळीगीतावर मान डोलावू लागला. लोकगीत म्हणजे आपल्या गावचे गाणे, ही व्याख्या मोडून ‘महाराष्ट्राचे लोकगीत’ अशी नवी चीज तयार झाली. ती तयार करणाऱ्यांत साबळे अग्रभागी होते.

त्यांची दुसरी मोठी कामगिरी रंगभूमीवरची. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आणली. पुढे अटी घालून ती उठवली. त्या धक्क्यातून तमाशाचे सोवळे रूप, म्हणजे लोकनाट्य जन्माला आले. पांढरपेशा प्रेक्षक कुटुंबासह जाऊन बसू लागला. साबळ्यांचे ‘इंद्राच्या दरबारात तमासगीर’ १९५४ चे, आणि त्या नावातच त्यांचा पवित्रा दिसतो. ज्या तमासगिराला सरकार दारात उभे करत नव्हते, त्याला त्यांनी थेट इंद्रसभेत नेऊन बसवले. १९६० च्या ‘यमराज्यात एक रात्र’ला त्यांनी मुक्तनाट्य म्हटले. गणगौळणीचा ठरलेला साचा त्यांनी सोडला, तमाशातली हजरजबाबी बतावणी ठेवली, गाणी ठेवली, आणि वगाच्या राजाराणीऐवजी ताज्या वर्तमानपत्रातला विषय घेतला. इंद्र, यम हे दरबार वरवर पौराणिक. टोले पृथ्वीवरच्या कारभाराला. मुंबईतच मागे पडत चाललेल्या मराठी माणसावरचे ‘आंधळं दळतंय’ तर एवढे गाजले, की १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली त्या काळच्या हवेचा उल्लेख करताना या मुक्तनाट्याचे नाव हटकून निघते. यातला विनोद सगळाच टिकाऊ नव्हता. ताज्या विषयावरची चपराक दहा वर्षांनी वाचली तर बोथट वाटते. ‘विच्छा माझी पुरी करा’, ‘गाढवाचं लग्न’ या लोकनाट्यांसारखी पुन्हा पुन्हा उभी राहण्याची ताकद साबळ्यांच्या मुक्तनाट्यांत कमी. ती ज्या दिवसांसाठी होती, ते दिवस त्यांनी गाजवले.

याच वर्षांत असा प्रयोग जगाच्या दुसऱ्या टोकालाही चालू होता, हे पाहणे उद्बोधक आहे. पश्चिम आफ्रिकेत नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये ह्युबर्ट ओगुंडे यांनी १९४० च्या दशकात गाणी, नाच आणि थट्टा यांची मोट बांधून फिरती नाटक कंपनी काढली. १९६४ मध्ये ‘योरुबा रोनू’ या त्यांच्या नाटकाने सत्ताधारी इतके चिडले की पश्चिम प्रांतात कंपनीवर बंदी आली. पारतंत्र्यातून सुटलेल्या देशांत, छापील शब्दापेक्षा गायलेला शब्द लवकर पोचत होता तिथे, शाहीर आणि नाटकवाला हे एकच पात्र होई. ओगुंड्यांना बंदी मिळाली, साबळ्यांना शेवटी राज्यगीताचा मान मिळाला, एवढा नशिबाचा फरक.

ते गीत म्हणजे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’. नागपूरचे कवी राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज. राज्यस्थापनेच्या सुमारास ते घराघरांत पोचले. खळे म्हणजे भावगीताचा अवघड, नाजूक संगीतकार. साबळे म्हणजे मैदानी गळा. खळ्यांनी इथे आपला नाजूकपणा बाजूला ठेवला आणि साबळ्यांना त्यांच्या उंच पट्टीत मोकळे सोडले. खानदेशी माणसाने मात्र हे गाणे नीट कान देऊन ऐकावे. बढ्यांनी नद्यांची नावे घेतली आहेत ती रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा आणि गोदावरी. रेवा म्हणजे नर्मदा; ती त्या वेळच्या धुळे जिल्ह्याच्या, आजच्या नंदुरबारच्या उत्तर सीमेला हात लावून जाते, तेवढाच खानदेशाचा वाटा. ज्या खोऱ्यावर सगळा खानदेश वसला आहे, ती तापी त्यात नाही. राज्य होताना पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातकडे गेली होती, त्यामुळे ही उणीव तिकडे अधिकच जाणवावी.

साबळ्यांच्या गाण्यांमागे घरातलाही एक हात होता. पत्नी भानुमती या कवयित्री. त्यांनी लिहिलेली गाणी साबळ्यांनी गायली. शाहीर गातो म्हणून शब्दही त्याचेच, असे लोक धरून चालतात आणि भानुमतींचे नाव मागे राहते. मुलगा देवदत्त साबळे संगीतकार झाला. ‘ही चाल तुरुतुरु’ची चाल त्यांची. मुलगी चारुशीला अभिनेत्री झाली, नातू केदार शिंदे दिग्दर्शक.

उतारवयात साबळ्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम उभा केला. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी, धनगर, बाल्या नाच, लावणी अशी सगळी रांग एकाच रंगमंचावर, एकामागून एक. दूरदर्शनमुळे तो घरोघर पोचला. केदार शिंदे, अंकुश चौधरी, भरत जाधव यांच्या पिढीची पोरे या कार्यक्रमात नाचत-गात मोठी झाली. मराठी वाहिन्यांवर आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आज जे ‘लोकनृत्य’ दिसते, त्याचे कपडे, क्रम आणि उरक बहुतांशी या कार्यक्रमाच्या साच्यातून निघाले. साचा झाल्यावर जे होते तेही झाले. गावचा वासुदेव दिसेनासा झाला आणि शाळेच्या पडद्यामागे मोरपिसांच्या टोप्यांचा ढीग तयार राहिला.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८४ मध्ये आणि पद्मश्री १९९८ मध्ये मिळाली. ‘माझा पवाडा’ हे त्यांचे आत्मचरित्र. २० मार्च २०१५ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०२३ हे जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून, ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले. त्याचा अधिकृत अवधी १ मिनिट ४१ सेकंद ठरला. सव्वातीन मिनिटांत पोवाडा बसवणाऱ्या शाहिराचे गाणे आणखी आखडले गेले. त्याच एप्रिलमध्ये केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आला. साबळ्यांच्या भूमिकेत अंकुश चौधरी होते, भानुमतींच्या भूमिकेत त्यांचीच पणती सना आणि संगीत अजय-अतुल यांचे. आजीचा विरोध, साने गुरुजी, अमळनेर या गोष्टी नव्या पिढीला ठाऊक झाल्या त्या या चित्रपटामुळे.

खानदेशाने त्यांना दिले ते चळवळीचे वळण आणि गर्दीपुढे उभे राहण्याची हिंमत. त्यांनी खानदेशाकडून गाणे उचलले, असे म्हणता येत नाही. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांची नावे काढली तर जेजुरी निघते, पंढरी निघते, कोळीवाडा निघतो. कानबाई निघत नाही, आखाजी निघत नाही. सातवीपर्यंतच्या वयात कानावर पडलेली अहिराणी त्यांच्या गळ्यात उतरली नाही, कारण रक्तातली बोली पसरणीची होती आणि बाजार मुंबईचा. खानदेशी शब्द तबकडीवर गेला तो दुसऱ्या वाटेने. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतल्या काहींना चाली दिल्या. ती कवितेची वाट होती. डफ, झील आणि फेर असलेल्या खानदेशी गाण्याला कॅसेटचे दिवस येईपर्यंत थांबावे लागले आणि कॅसेटवर आली ती बहुतेक लग्नातल्या नाचाची, ठेक्याची गाणी. वहीची मंडळे अजून आहेत, वही अजून गायली जाते, पण ती त्या त्या गावापुरती. तिला तिचा साबळे अजून मिळालेला नाही.